वेणू बाप्पू आणि आकाशातील धूळ

हैदराबादेत वाढलेल्या माणसांपैकी ज्याचे नाव खगोलशास्त्रातील एका नियमाला कायमचे जोडले गेले, असा एकच माणूस मला ठाऊक आहे. तो म्हणजे मनाली कल्लट वेणू बाप्पू. आपल्या जुन्या मंडळींत त्यांचे नाव अगदीच अपरिचित आहे असे नाही. परंतु बहुतेकांच्या लेखी ते धूमकेतू शोधणारे बाप्पू. १९४९ साली अमेरिकेत त्यांना धूमकेतू दिसला, त्याला त्यांचे नाव मिळाले, आणि हैदराबादच्या पोराने नाव काढले म्हणून आपण संतुष्ट झालो. मला विचाराल तर त्यांच्या आयुष्यातील ती सर्वांत किरकोळ गोष्ट होय. धूमकेतू दिसणे हा योगाचा भाग असतो. बाप्पूंनी पुढे जे केले त्यात योगाला फारसा वाव नव्हता, आणि तेच आपल्याकडे कोणी सांगत नाही. माझा पेशा गाणे शिकवण्याचा. ज्योतिर्विद्येतला मी अधिकारी पुरुष नव्हे. तरी जे समजले ते माझ्या परीने मांडतो.

आरंभ बेगमपेठेपासून केला पाहिजे. नवाब जफर जंग या शौकीन अमिराने १९०१ साली विलायतेहून ग्रब कंपनीची पंधरा इंची दुर्बीण आणवून फिसलबंड्याच्या आपल्या आवारात वेधशाळा मांडली. अमीरउमरावांचे शौक पुष्कळ असत, घोडे, शिकार, गाणे. त्यांत आकाशाचा शौक विरळाच. १९०७ साली नवाब वारले आणि पुढल्याच वर्षी निजाम सरकारने ती वेधशाळा आपल्याकडे घेतली. मागाहून ती बेगमपेठेस हलली आणि निजामिया वेधशाळा या नावाने जगास ठाऊक झाली. तेव्हा साऱ्या आकाशाचा छायाचित्रांनी नकाशा करण्याचे एक मोठे आंतरराष्ट्रीय काम चालू होते. आकाशाचे आडवे पट्टे पाडून ते निरनिराळ्या देशांतील वेधशाळांना वाटून दिले होते. खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेस सतरा ते तेवीस अंश हा पट्टा मुळात चिलीतील सांतियागोच्या वाट्याचा. त्यांच्याकडून तो होईना, म्हणून हैदराबादेस आला. आठ इंची कुक दुर्बिणीने काचेच्या तबकड्यांवर चित्रे घ्यावयाची, मग प्रत्येक तबकडीवरील एकेका ताऱ्याची जागा सूक्ष्मदर्शकाखाली मोजून वहीत उतरावयाची. १९१४ पासून पोकॉक आणि १९१८ नंतर टी. पी. भास्करन यांच्या देखरेखीखाली हे काम वर्षानुवर्षे चालले. उत्तरेकडचा आणखी एक पट्टाही घेतला गेला. साडेसात लाखांहून अधिक ताऱ्यांची नोंद त्यात झाली. हा रियाझच म्हणावयाचा. पलटे घोटावे तसे तारे घोटले.

याच वेधशाळेत वेणूचे वडील, मनाली कुकुळी बाप्पू, कामास होते. घराणे मलबारचे. वेणूचा जन्म १० ऑगस्ट १९२७ रोजी मद्रासेस झाला, तो आईबापांचा एकुलता एक. पण वाढला हैदराबादेत. गवय्याच्या पोराच्या कानावर चालते होण्याआधी सूर पडतात, तसे या मुलाच्या डोळ्यांवर तारे पडले. वडिलांच्या मागे मागे तो दुर्बिणीपाशी जाई, आणि कॉलेजात पोहोचेपर्यंत रूपविकारी ताऱ्यांचे, म्हणजे ज्यांचे तेज कमीजास्त होते अशा ताऱ्यांचे, वेध स्वतंत्रपणे घेऊ लागला होता. शिक्षण निजाम कॉलेजात झाले. पदार्थविज्ञानातील एम.एस्सी. होऊन शिष्यवृत्तीवर तो अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात दाखल झाला, तो १९४९ साली. पोलीस ॲक्शनला तेव्हा वर्षही लोटले नव्हते. इकडे संस्थान मावळत होते आणि त्या संस्थानाच्या वेधशाळेत वाढलेला मुलगा जगातील एका अग्रगण्य वेधशाळेत जाऊन बसला होता.

येथे थोडे थांबून धुळीविषयी बोलणे भाग आहे, कारण त्यावाचून बाप्पूंच्या कामाची किंमत कळणार नाही.

चांगल्या अंधाऱ्या रात्री धनु राशीकडे पाहावे. आकाशगंगा तेथे सर्वांत दाट, आणि त्या दाटीतच काळे डाग दिसतात. हैदराबादच्या वाट्याचा पट्टा याच भागातून जातो. अमेरिकन ज्योतिर्विद बर्नार्ड याने १९१९ साली अशा काळ्या डागांची यादी केली, तीत ९२ व्या क्रमांकाचा डाग नेमका आपल्या पट्ट्यात पडतो. बेगमपेठेच्या मोजणीदारांनी तारे मोजले. हे डाग मात्र मोजण्यासारखे नव्हतेच, तेथे तारेच नव्हते. विल्यम हर्शेलला अठराव्या शतकात असे डाग दिसले तेव्हा त्याला ती आकाशातील भोके वाटली होती. पुढे कळले की ती भोके नसून पडदे आहेत. थंड वायूचे आणि बारीक धुळीचे अफाट ढग मध्ये आल्यामुळे पलीकडचे तारे झाकले जातात. धूळ वायूच्या सुमारे शंभरावा हिस्सा, तिचा कण मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाएवढा. पण ढगच इतके विशाल असतात की तेवढी धूळ पुरते. प्रकाशाच्या या घटीला शास्त्रात विलोपन म्हणतात.

धूळ नुसता प्रकाश कमी करीत नाही, त्याचा रंगही बदलते. निळा प्रकाश ती अधिक गिळते, तांबडा त्या मानाने कमी, म्हणून धुळीआडचा तारा तांबूस दिसतो. हे मला चटकन उमगले त्याचे कारण आमच्या घरातले आहे. आमचे तीर्थरूप दरबारी गवयी. त्यांच्या उतारवयातला मी मुलगा, त्यामुळे मी जे ऐकले ते आठवणींच्या रूपानेच. देवड्यांतून गाणे व्हायचे तेव्हा जनान्यातील बायका जाड पडद्यांआड बसत. तीर्थरूप सांगत की पडद्याआड बसून ऐकले तर तंबोऱ्याची जवारी मरते. वरचे झणत्कारी सूर कापडात अडकतात आणि खर्ज तेवढा पलीकडे पोहोचतो. ताऱ्याच्या प्रकाशाचे अगदी तसेच होते. जवारी किती मेली यावरून पडदा किती जाड हे ताडता येईल; तसेच तारा किती तांबडा झाला यावरून धूळ किती हे काढता येते. अर्थात त्यासाठी तो तंबोरा पडद्याविना कसा वाजतो हे आधी ठाऊक असावे लागते. सारी मेख तेथेच आहे.

ही मेख न ओळखल्यामुळे मोठमोठे लोक फसले. हार्वर्डचे तेव्हाचे संचालक हार्लो शॅप्ले हे आकाशगंगेचे खरे रूप दाखवून देणारे थोर ज्योतिर्विद. सूर्य तिच्या मध्याशी नाही हे त्यांनीच सिद्ध केले. पण अंतराळ बहुतांशी स्वच्छ आहे असे ते धरून चालले होते. तारा मंद दिसला की तो दूर आहे असा अर्थ लावल्यामुळे त्यांच्या हिशेबात आकाशगंगा तीन लाख प्रकाशवर्षे रुंद झाली. आज ती एक लाखाच्या आसपास धरतात. १९३० साली ट्रंप्लर याने ताऱ्यांच्या पुंजांचा अभ्यास करून, दूरचे पुंज वाजवीपेक्षा अधिक मंद दिसतात हे दाखविले, तेव्हा धूळ सर्वत्र पसरली आहे याविषयी शंका उरली नाही. मंद सूर ऐकून गवयी लांब बसला आहे म्हणावे, तर तो पडद्यापलीकडे दोन हातांवर असायचा!

बाप्पू ज्या हार्वर्डमध्ये गेले तेथे या धुळीचा सर्वांत मोठा जाणकार शिकवीत होता. बार्ट बॉक हे मूळचे डच. १९४७ साली त्यांनी आकाशातील लहान, गोल, दाट काळ्या ठिपक्यांकडे लक्ष वेधले आणि तारे जन्मतात ते अशाच ठिकाणी असा तर्क मांडला. ते ठिपके आज बॉक गोलक म्हणून ओळखले जातात. तर्क धाडसी होता. काळ्या ढेकळात तारा जन्मतो याचा पुरावा त्या काळी कोणत्याच दुर्बिणीला देता येत नव्हता, कारण आत पाहण्याचा मार्गच नव्हता. बॉक १९८३ साली वारले. अवरक्त किरणांच्या साहाय्याने त्या गोलकांत कोवळे तारे खरोखरच असल्याचे १९९० साली दाखविण्यात आले, ते पाहावयास ते नव्हते.

२ जुलै १९४९ च्या रात्री याच बॉक यांच्याबरोबर आणि न्यूकर्क नावाच्या सहाध्यायासमवेत काम करताना एका तबकडीवर बाप्पूंना तो धूमकेतू आढळला. तिघांची नावे त्याला मिळाली. तो पुन्हा येण्यास सुमारे साठ हजार वर्षे लागतील असा हिशेबही निघाला. पॅसिफिक ज्योतिर्मंडळाचे डोनोहो पदक बाप्पूंना मिळाले. वय बावीसही पुरे नव्हते. एखाद्याने एवढ्यावर जन्म काढला असता.

१९५२ साली डॉक्टरेट मिळताच त्यांना कार्नेगी अधिछात्रवृत्ती मिळाली आणि ते कॅलिफोर्नियातील पालोमार येथे गेले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. जगातील त्या वेळची सर्वांत मोठी, दोनशे इंची दुर्बीण तेथे होती. तेथील ओलिन विल्सन हे थंड, तांबूस ताऱ्यांच्या वर्णपटांचा अनेक वर्षे पाठपुरावा करीत होते. ताऱ्याचा प्रकाश लोलकासारख्या साधनाने पसरला की रंगांच्या पट्टीत काळ्या रेघा दिसतात. जांभळ्या टोकाला कॅल्शियमची एक रुंद काळी रेघ असते, आणि सूर्यासारख्या वा त्याहून थंड ताऱ्यांत त्या काळ्या रेघेच्या ऐन मध्यभागी एक बारीक उजळ रेघ उमटते. विल्सन आणि बाप्पू यांनी या उजळ रेघेची रुंदी मोजली. १८५ ताऱ्यांची मोजली. आणि त्यांना असे आढळले की रेघ जितकी रुंद तितका तारा मुळात अधिक तेजस्वी. रेघ उजळ आहे की फिकी याला महत्त्व नाही, फक्त रुंदी पाहावी. अत्यंत मंद ताऱ्यांपासून महाकाय ताऱ्यांपर्यंत, म्हणजे तेजात दहा लाख पटींचे अंतर असलेल्या ताऱ्यांना, हा एकच नियम लागू पडला. १९५७ साली तो प्रसिद्ध झाला आणि विल्सन-बाप्पू परिणाम या नावाने रूढ झाला.

याचे मर्म काय, ते मी पुन्हा तंबोऱ्यावरच सांगतो, कारण मला दुसरे काही येत नाही. पुरुषी तंबोरा मोठ्या भोपळ्याचा, तो खालच्या पट्टीत लागतो. बायकी तंबोरा लहान, त्याची पट्टी वरची. पडदा जाड असो की पातळ, ऐकणारा जवळ असो की लांब, आवाज बारीक होईल पण पट्टी बदलणार नाही. काळी एक ही काळी एकच राहील. तेव्हा पट्टी ऐकून तंबोरा केवढा हे नक्की करता येते, आणि मग ऐकू येणारा आवाज किती बारीक आहे यावरून बाकीचा हिशेब मांडता येतो. ताऱ्याच्या बाबतीत रेघेची रुंदी ही त्या पट्टीसारखी आहे. धूळ प्रकाश खाईल, रंग बदलील. रेघेची रुंदी तिला बदलता येत नाही. धुळीला न फसणारी एक खूण बाप्पूंनी विल्सन यांच्यासह शोधून काढली.

तरी यात अतिशयोक्ती नको. इतका तपशीलवार वर्णपट मिळण्यास तारा बराच उजळ लागतो, म्हणजे बहुधा जवळचा. दूरच्या काळ्या ढगांआडचे तारे या पद्धतीने मोजता येत नाहीत. धूळ मोजण्याचे रोजचे काम रंगावरूनच होते. पण ताऱ्याचे खरे तेज त्याच्या वर्णपटातील रेघांवरून काढावयाचे, दिसणाऱ्या तेजावर विसंबावयाचे नाही, ही दिशा बाप्पूंनी सोडली नाही. पुढे भारतात येऊन त्यांनी उष्ण, निळ्या ताऱ्यांवर असेच काम केले. हे तारे आकाशगंगेच्या धुळकट भागांतच अधिक असतात, तेथे रंग आणि तेज या दोहोंवर विश्वास ठेवणे धोक्याचे. त्यांच्या वर्णपटातील हायड्रोजनच्या एका रेघेचे बळ प्रकाशविद्युत साधनाने मोजून खरे तेज ठरविण्याची पद्धत त्यांनी आणि त्यांच्या नैनितालच्या सहकाऱ्यांनी वापरली.

पालोमार सोडून ते परत का आले, असा प्रश्न आजच्या तरुणांना पडेल. त्या पिढीला तो फारसा पडत नसे. भारतात तेव्हा मोठी म्हणावी अशी दुर्बीण नव्हती. जे करावयाचे ते शून्यापासून. १९५४ साली उत्तर प्रदेश सरकारने काशीस वेधशाळा स्थापली, त्याच वर्षी नोव्हेंबरात बाप्पू तेथे मुख्य ज्योतिर्विद झाले. काशीच्या आकाशात वेध कसले घेणार! वर्षभरात त्यांनी ती वेधशाळा नैनितालच्या डोंगरांत नेली. मनोरा शिखराची निवड त्यांचीच. १९६० साली, वयाची तेहतीस वर्षे पुरी होण्याआधी, ते कोडाईकनालच्या जुन्या सौर वेधशाळेचे संचालक झाले. तेथे साठ वर्षे सूर्याचे काम चालू होते. इव्हरशेड यांचा १९०९ चा प्रसिद्ध शोध तेथलाच. पण बाप्पूंना तारे हवे होते आणि कोडाईचे धुके तारे दाखवीत नव्हते.

म्हणून जागेचा शोध सुरू झाला. अखेरीस तमिळनाडूतील जवादी डोंगरांत, चंदनाच्या रानात, कावलूर नावाचे खेडे त्यांनी निवडले. अक्षांश साडेबारा, त्यामुळे दक्षिण आकाशाचा मोठा भाग तेथून दिसतो. पहिली दुर्बीण अवघी अडतीस सेंटिमीटरची, आणि तीही कोडाईच्या कारखान्यात घरच्या घरी केलेली. १९६८ साली तिने काम सुरू केले. १९७२ साली पूर्व जर्मनीतील येना येथील झाइसची एक मीटरची दुर्बीण आली. त्याच वर्षी गुरूच्या गॅनिमीड या चंद्राचा वेध तिने घेतला, आणि १९७७ च्या मार्चमध्ये युरेनसभोवती कडी असल्याचा शोध लागला तेव्हा कावलूरचे निरीक्षणही त्यात होते. १९७१ साली कोडाई आणि कावलूर मिळून भारतीय खगोलभौतिकी संस्था ही स्वायत्त संस्था झाली. तिचे मुख्य ठाणे पुढे बंगलोरला गेले. संस्था उभी करणाऱ्याला सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतात हे संगीताच्या शाळा चालविणारे आम्ही लोक जाणतो. बाप्पूंचा त्यात किती वेळ गेला असेल, आणि त्या वेळात त्यांनी आणखी किती रेघा मोजल्या असत्या, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. परंतु नैनिताल आणि कावलूर या दोन जागा नसत्या तर इतरांनी रेघा मोजल्या कुठून असत्या, हेही खरे.

दरम्यान आपल्या शहरात काय चालले होते? बेगमपेठेच्या वेधशाळेभोवती शहर वाढले, दिवे वाढले, विमानतळ तर शेजारीच. १९६८ साली उस्मानिया विद्यापीठाने शहरापासून दूर जपाल-रंगापूर येथे अठ्ठेचाळीस इंची दुर्बीण उभारली आणि बेगमपेठ मागे पडली. त्या आवारात आता अर्थशास्त्राची आणि समाजशास्त्राची एक संशोधनसंस्था आहे. पत्त्यात तेवढे वेधशाळेचे नाव उरले आहे.

पण धुळीच्या बाबतीत हैदराबादचे काम तेथे संपले नाही, आणि हे आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे फुगे सोडण्याचे केंद्र आपल्या शहराच्या ईशान्येस आहे. १९८० च्या दशकापासून तेथून प्रचंड फुग्यांना एक मीटर व्यासाची दुर्बीण बांधून ती सुमारे तीस किलोमीटर उंच पाठविण्यात आली. कशासाठी? तर काळ्या ढगांतील धुळीचे तापमान मोजण्यासाठी.

हे तापमान कसे मोजतात ते ऐकण्यासारखे आहे. शेगडीतील निखारा विझत आला की त्याची लाली जाते, पण हात जवळ नेला तर ऊब लागते. डोळ्याला न दिसणारे उष्णतेचे किरण त्यातून येतच असतात. वस्तू जितकी थंड तितकी त्या किरणांची तरंगलांबी मोठी. काळ्या ढगाच्या गाभ्यातील धूळ शून्याखाली २६३ अंश सेल्सिअस इतकी गार असू शकते, म्हणजे निरपेक्ष शून्यापेक्षा दहाच अंश वर. तीही प्रकाशते, पण तिचे किरण तिसरा हिस्सा मिलिमीटर लांबीच्या आसपास येतात. जवळ तारा जन्मलेला असेल तर धूळ वीस, तीस, क्वचित पन्नास अंशांपर्यंत तापते. हे किरण हवेतील बाष्प गिळून टाकते, म्हणून दुर्बीण बाष्पाच्या वर न्यावी लागते; आणि दुर्बिणीतले ग्राहक द्रवरूप हीलियमने गारठवावे लागतात, नाहीतर त्यांना स्वतःचीच ऊब दिसावयाची. त्या दुर्बिणीने मिलिमीटरच्या सुमारे सातव्या आणि पाचव्या भागाएवढ्या अशा दोन तरंगलांबींवर एकाच वेळी ढगाचे चित्र घेतले. दोन का? एकाने भागत नाही म्हणून. ढग उजळ दिसला तर धूळ पुष्कळ आहे की थोडी पण ऊबदार, हे एका तरंगलांबीवरून सांगता येत नाही. दोन्हींचे प्रमाण घेतले की तापमान निघते, आणि तापमान कळले की मग धूळ किती हे निघते. हा क्रम चुकविला तर सारेच चुकते. दहा अंशांचा ढग वीस अंशांचा धरला तर त्यातील द्रव्याचा अंदाज, तरंगलांबी असेल त्याप्रमाणे, तीन पटींपासून पंधरा पटींहूनही अधिक बिघडतो. आणि ढग आपल्याच भाराने कोसळून तारा होणार की नाही, हे ठरते द्रव्य आणि तापमान या दोहोंवरच.

मृगातील ढगांसारख्या ताऱ्यांच्या सुतिकागृहांचे तापमानाचे नकाशे या शहरातून उडालेल्या फुग्यांनी केले. रात्रीचे काम आटोपले की यंत्रे हवाई छत्रीने खाली येत. वारा असेल त्याप्रमाणे कधी तेलंगणात, कधी कर्नाटकाच्या नाहीतर सोलापूरच्या बाजूस. शेतात उतरलेल्या त्या पेटाऱ्यात काय होते हे त्या शेतकऱ्याला कोणी समजावून सांगितले की नाही कोण जाणे. पुढे २००९ ते २०१३ या काळात हर्शेलचे नाव दिलेल्या, साडेतीन मीटर आरशाच्या युरोपीय अवकाश-दुर्बिणीने हेच काम फार मोठ्या प्रमाणावर केले. आता विलोपन आणि तापमान या दोन्ही वाटांनी एकाच ढगाची झडती घेता येते. बर्नार्डच्या यादीतील ६८ व्या क्रमांकाचा ढग हैदराबादच्या जुन्या पट्ट्याच्या अगदी काठाशी आहे. २००१ साली अवरक्त प्रकाशात त्यामागचे तारे मोजण्यात आले. धूळ त्या किरणांना दृश्य प्रकाशाच्या साधारण दहाव्या हिश्शानेच अडविते, त्यामुळे बेगमपेठेत ज्या प्रकारच्या डागांत काहीच मोजता आले नसते तेथे तारे मोजता आले. गाभ्यातील विलोपन सुमारे तीस प्रतींचे निघाले, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या एक लाख कोटी भागांतला एक भाग आरपार येतो.

हे सगळे पाहण्यास बाप्पू राहिले नाहीत. १९७० साली भटनागर पुरस्कार, १९८१ साली पद्मभूषण हे मान त्यांना मिळाले. १९७९ साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचे ते अध्यक्ष झाले. जगातील ज्योतिर्विदांनी भारतीयाला दिलेला तो पहिला अध्यक्षपदाचा मान. त्या सुमारास त्यांचे सारे लक्ष एका गोष्टीकडे होते: सव्वादोन मीटरहून मोठी दुर्बीण, आरशासकट सगळी भारतातच तयार करावयाची. विकत आणणे सोपे होते. पण अडतीस सेंटिमीटरची दुर्बीण घरी केलेल्या माणसाला ते पटणारे नव्हते. काच घासण्याचे, तिला मिलिमीटरच्या हजारो भागांपर्यंत नेमका आकार देण्याचे काम वर्षानुवर्षे चालले.

१९८२ च्या ऑगस्टमध्ये संघाचे अधिवेशन ग्रीसमधील पात्रास येथे भरले. अध्यक्षाची खुर्ची रिकामी होती. बाप्पू जर्मनीत म्यूनिकच्या इस्पितळात हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी होते, आणि तेथेच १९ ऑगस्टला त्यांचे निधन झाले. पंचावन्न पुरी होऊन नऊ दिवस झाले होते. आरसा अजून बसावयाचा होता.

दुर्बीण उभी राहण्यास आणखी तीन वर्षे लागली. ६ जानेवारी १९८६ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते कावलूरच्या वेधशाळेस आणि त्या दुर्बिणीस वेणू बाप्पूंचे नाव देण्यात आले. आरसा २३४ सेंटिमीटरचा. बेगमपेठेची ग्रब दुर्बीण, जिच्यापाशी ते लहानपणी वडिलांच्या मागे उभे राहत, ती अडतीस सेंटिमीटरची होती.